कॅमेरा नको म्हणाला

१२ जानेवारी २००८
संजनाने इंटरनेटचा फोन घेतला, कॉम्प्युटरवर तोंड दिसतं तो. माझी धाकटी जाऊ. भिंतीला भिंत लागून घर. तिचा स्वरूप आणि माझा निकेत, दोघेही सिंगापूरला, जहाजं दुरुस्त करायच्या एकाच यार्डात. आता तिला स्वरूप रोज दिसतो. मला निकेतचा आवाज रविवारी, तोही खरखरत.

१५ जानेवारी
पडवीत तांदूळ निवडत होते. पलीकडून संजना — "केस कित्याक वाढवलंस रे? काप आधी."
केस! निकेतला मी गेल्याच्या गेल्या गणपतीत पाहिलं.

१७ जानेवारी
मुद्दाम तिच्याकडे गेले, साखर मागायला. मी दिसताच तिने पटकन पडदा काळा केला. "लायन गेली, वयनी." एकदाही म्हणाली नाही, बसा, निकेतला लावून देते. एवढा कसला तोरा.

२० जानेवारी, रविवार
निकेतला सांगितलं, आम्हीही घेतोय. मग म्हणाला, "आई, साधो डबोच घे. फोनाक जोडूचो. आवाज स्वच्छ येता. कॅमेरो कित्याक होयो?"
कित्याक म्हणजे? काकीला तोंड आणि आईला डबा?

२३ जानेवारी
ह्यांच्याबरोबर कुडाळला गेले. दुकानदाराने दोन्ही दाखवलं. डब्याला कॉम्प्युटर लागत नाही, पण फक्त आवाज. तोंड बघायचं तर कॉम्प्युटर, कॅमेरा, ब्रॉडबँडची लाइन, सगळंच आलं. "घरात कोण चालवणार?" म्हणाला. मी. का नाही? अंगणवाडीत इतकी वर्षं पोरं शिकवली.
हे म्हणाले, "माका इचारू नको. तुका होया ता घे."
कॅमेरेवालाच घेतला. पडदा संजनाच्या पडद्यापेक्षा मोठा. लिहायला लाज वाटते, पण दुकानात पहिलं तेच बघितलं.

२ फेब्रुवारी
काल लाइन आली. निकेतला त्यात शोधायला त्याने तिथे घेतलेलं नाव लागतं, ते संजनाकडे मागितलं. "बघून सांगतंय." कालपासून बघतेच आहे. शेवटी ह्यांनी भावोजींकडून आणलं. निकेतला कळवलं नाही. एकदम समोर दिसेन.

३ फेब्रुवारी
लावला. एका मुलीने घेतला. गळ्यात क्रूस, केस ओले. मला बघून गडबडीने उभी राहिली — पोटुशी.
मागून निकेत धावत आला. "आई... ही लिसी. माझी बायको."
केरळची. सिंगापूरच्या हॉस्पिटलात नर्स. पावसाळ्यात लग्न केलं. "तू रागवशीत म्हणान सांगूक नाय."
"आणि काकीक?"
"स्वरूपाच्या बाजूक बसलेली दिसली तिका. मगे सांगूचाच लागला."
मी बंद केला. हे भात तसाच टाकून उठले, समुद्राकडे गेले.
ख्रिस्ती आहे, विचारलं नाही, चोरून लग्न केलं — ह्या सगळ्याचं दुःख आहेच. पण आत जे जळतंय ते वेगळं. माझी सून संजनाने आधी पाहिली.

४ फेब्रुवारी
संजना स्वतःच आली. दारातच उभी.
"पोरान शपथ घातल्यान, वयनी. रोज सांगूक येय आणि पायरेवरसून परत जाय."
"तू हसत होतंस तिच्याशी. माका भिंतीतून आयकाक येय."
ती रडली. मी आत ये म्हटलं नाही.

६ फेब्रुवारी
फोन वाजला. घेतला नाही.

७ फेब्रुवारी
हे म्हणाले, "नातवंड येतला. किती दिवस मशीन झाकून ठेवतलंस?"

९ फेब्रुवारी
मीच लावला. लिसी समोर. तिला मराठी येत नाही, मला तिची भाषा नाही. मग ती सावकाश म्हणाली, "आई, जेवलंस?"
निकेतला म्हटलं, बरं शिकवलंस.
"मी नाय, आई. काकीन शिकवल्यान. म्हणाली, पयलो शब्द तुका ह्योच बोलूचो."