पस्तिसावा दिवस

४ मे
आजपासून मी इथल्या रक्तपेढीची प्रमुख! टुनू, माझी नऊ वर्षांची लेक, नव्या शाळेला रोज टोटोतून, म्हणजे इथल्या बॅटरीवरच्या रिक्षातून जायचं म्हणून भलतीच खूश आहे. साठा सांभाळणाऱ्या निरुपमदांनी संदेश मिठाईचा पुडा पुढे केला आणि म्हणाले, दीदी, इथं अकरा वर्षांत एकही पिशवी वाया गेलेली नाही. मी मनात म्हटलं, थापा मारायला काय जातंय!

११ मे
दोन क्लबांची चुरस. एकाच रविवारी दोघांची रक्तदान शिबिरं. एकानं रक्तदात्यांना डबे वाटले, तर दुसऱ्यानं प्रेशर कुकर. दोनशे बारा पिशव्या जमल्या! रक्त टिकतं पस्तीस दिवस आणि आमची मागणी रोजची चार. मी डोक्याला हात लावून बसले. निरुपमदा चहा फुंकत म्हणाले, मागणी येते हो बरोबर.

१५ जून
पस्तिसावा दिवस. सकाळी बाहत्तर पिशव्या शिल्लक होत्या. दुपारी वरातीची बस कालव्यात कोसळली आणि संध्याकाळी त्या बाहत्तरच्या बाहत्तर संपल्या. एक कमी नाही, एक जास्त नाही. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मी मात्र आकडे पुन्हा मोजत बसले.

२० जून
जुनी रजिस्टरं काढली. दर वेळी तेच. ज्या गटाच्या जेवढ्या पिशव्या उरतात, शेवटच्या दिवशी त्याच गटाचे जखमी येतात आणि नेमक्या तेवढ्याच लागतात. निरुपमदांना विचारलं, तर चिडले. म्हणाले, माणसं वाचली ना? मग कशाला उगाच चिवडत बसता?

१७ जुलै
तीन पिशव्या उरल्यात. बी निगेटिव्ह. उद्या शेवटचा दिवस.
टुनूचा गट बी निगेटिव्ह आहे.
रक्त उरलं की ते माणूस शोधतं. उरलंच नाही तर? निरुपमदा जेवायला गेले तेव्हा मी तिन्ही पिशव्या वाफेच्या यंत्रात घालून नष्ट केल्या. हुश्श झालं. उद्या टुनूला घरीच ठेवणार होते. आता गरज नाही.

१८ जुलै
टोटो उलटली. टुनू—
डॉक्टर म्हणतात, तीन पिशव्या लागतील. तीन.
ओ निगेटिव्ह चाललं असतं, ते कालच संपलं. माझं रक्त जुळत नाही. क्लबची पोरं दारोदार फिरतायत. दुसरी रक्तपेढी दोन तासांवर. डॉक्टर म्हणतात, हातात एक तास आहे.
निरुपमदा रिकाम्या फ्रिजपुढे उभे होते. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, दीदी, रक्त संकटाला बोलावत नाही. संकट ठरलेलं असतं, रक्त त्याच्याआधी येऊन बसतं. एवढे जखमी आले, त्यातला एकही मेला नाही, हे रजिस्टरात दिसलं नाही का तुम्हाला?
दिसलं होतं. मी फक्त तारखा—
एका हातानं लिहितेय. दुसरा तिच्या हातात. तिचा गार पडत चाललाय.
ओठ पांढरे—
ती हळूच विचारतेय, मा, तुझ्या फ्रिजमध्ये तर खूप रक्त असतं ना. मी हो म्ह—