तबकडीतली हाक

मुरुड,
१२ जानेवारी २०२५

चि. दानम्मास, अण्णाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर वीरण्णाचं नाव काढलं की तू फोन ठेवून देतेस, म्हणून हा कागद. कागद वाचल्याशिवाय ठेवायची तुझी सवय नाही.

आपला धाकटा जाऊन येत्या दहा फेब्रुवारीला वर्ष होईल. लंडनहून त्याच्या मुलीनं खोकं पाठवलंय. आत चिठ्ठी नाही, काही नाही. गाण्याची एक तबकडी. नात शिवानीनं लातूरहून यंत्र आणून लावली. तिकडच्या पोरांचा पंक नावाचा गाण्याचा प्रकार आहे म्हणे. लोकांपुढं वाजवलेलं जसंच्या तसं भरून घेतलंय, त्यामुळं गलकाही आत आलाय. गाणारा गातोय की भांडतोय कळेना. तरी ठेका असा, की चौथीचा वर्ग बाकं बडवत कविता म्हणतोय!

दुसरं गाणं संपलं, टाळ्या ओसरल्या आणि गर्दीतून एक हाक आली. एक लांब, मग दोन तोकड्या. दाने, ज्वारीच्या राखणीला मचाणावरून वीरण्णा द्यायचा तीच! पाखरांचा थवा उठायचा आणि पलीकडच्या मचाणावरून तू ओ द्यायचीस. तुझी ओ येईपर्यंत पठ्ठ्या थांबायचा नाही.

पुण्यस्मरणाला ये. आपला भाऊ त्या तबकडीत आहे.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
मलप्पाअण्णा


देगलूर,
१९ जानेवारी

ती. अण्णास दानम्माचा शरणार्थ.

कागद पोचला. मास्तरकी सुटून वीस वर्सं झाली, तुझं कवितेत बोलणं काही सुटलं न्हाई. माझे गुडघे लई दुखून ऱ्हायले, बाकी खुशाल. सून म्हणती, मामांचं अक्षर छापल्यावानी हाय.

वीरण्णाचं मला सांगू नको. बारा वर्सं राखी पाठवली, एकीचीबी पोच न्हाई. अप्पा गेले तवा तार केली, आला न्हाई. ज्यानं कधी ओ दिली न्हाई त्याच्या हाकेला मी कशाला येऊ?

आन तबकडीवरचं साल बघितलं का? तो लंडनला गेला ऐंशीला, आंब्याच्या दिवसात. शिदोरी मीच बांधली होती. शिवानीला वाचाय लाव.

राग माझ्यावर धरू नको. तब्येतीला जप.

तुझी,
दानम्मा


मुरुड,
२७ जानेवारी

चि. दानम्मास आशीर्वाद.

तू जिंकलीस. मागच्या बाजूला साल छापलंय, १९७८. त्या हिवाळ्यात वीरण्णा इथंच मचाणावर होता. हाक कुणा गोऱ्याची. मी मात्र अर्ध्या गावाला बोलावून ऐकवली. शेजारच्या हणमंतरावांनी तर डोळे पुसले! आता त्यांना तोंड दाखवायची चोरी. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

काल तबकडी पुसताना उन्हात तिरपी धरली. सगळी काळीभोर, नवी कोरी. पण त्या हाकेच्या जागी नखाएवढी पांढुरकी कड झिजलेली. शिवानी म्हणाली, आजोबा, सुई एकाच जागी शेकडो वेळा टेकवल्याशिवाय असं होत नाही. आधीचं गाणं नवं, नंतरचंही नवं.

पोरांची पुस्तकं वरून बघून मी सांगायचो, कुणाची कुठली कविता लाडकी. ते पान बोटांनी काळं झालेलं असायचं.

राख्यांना त्यानं ओ का दिली नाही, मला ठाऊक नाही. त्याची बाजू मी घेत नाही. फक्त कळवलं.

माया असू दे.

मलप्पाअण्णा


देगलूर,
३ फेब्रुवारी

ती. अण्णास शरणार्थ.

कागद दोनदा वाचला. मग शेंगा फोडत बसले, ते सून म्हणाली, आत्या, दाणे टोपल्यात आन टरफलं डब्यात चाललीत.

राग गेला न्हाई. तो घेऊनच येते. नऊ तारखेला नातू सत्यम गाडीनं सोडतो म्हणलाय. लेकाला सांगितलंय, चार दिवस मला न्यायला येऊ नको.

तवर तबकडी लावू नको, हणमंतराव पाया पडले तरी. तेवढी जागा झिजून गेली तर मी काय ऐकू? मला एकदाच लाव. दुसरी तोकडी हाक झाली की सुई उचल आन गप बस.

मधी मला बोलायचं हाय.

तुझी धाकटी,
दानम्मा

ता. क. घसा बसलाय. सकाळ-संध्याकाळ आद्रक चघळून ऱ्हायले. ओ पार पलीकडच्या मचाणावर गेली पाहिजे.