सात मतांच्या विजयाची वाटणी

मी, सायमी कोस्केला, कै. आर्वो कोस्केला यांची पत्नी, वय चौऱ्याऐंशी, राहणार टॅमरॅक फोर्क, मिशिगन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय थकले आहे, असे डॉक्टरांनी सांगितले, आणि पुढच्या तपासणीची तारीख देताना ते जरा अडखळले. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला गावात फारसे कोणी उरलेलेच नाही. वकीलबाई मिशेल लाव्हिन यांनी छापील नमुना पाठवला होता. त्यात माणसाने कोणाला काय ठेवले एवढ्यापुरतीच जागा आहे, का ठेवले त्यासाठी नाही. म्हणून मी माझा कागद घेतला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा रद्द करण्यासारखेही काही नाही. अंमलबजावणी वकीलबाईंनीच करावी.

कलम १. राहते घर. चतुःसीमा: पूर्वेस जिथे बेकरी होती ती मोकळी जागा, पश्चिमेस मेल्विन ट्रेगीर याचे घर, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस खाणीचे कुंपण. कुंपणापलीकडे जमीन खचून तळे झाले आहे. हे घर मी माझी एकुलती मुलगी रोंडा हिला देते. ती ॲरिझोनात असते. ती इथे येऊन राहणार नाही, आणि विकत घेणाराही मिळणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तिच्यावर कसलीही अट घालत नाही. छत कोसळले तर कोसळू द्यावे.

स्वयंपाकघरातले टेबल घराबरोबरच जाईल. या टेबलावरून आम्ही एक निवडणूक लढवली. ते लिहिल्याशिवाय पुढची कलमे कोणाला कळणार नाहीत.

१९७८ च्या मार्चमध्ये लोखंडाची खाण बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली. आमच्या भागातून वेंडेल प्रूइट वर्षानुवर्षे वॉशिंग्टनच्या काँग्रेसवर निवडून जात होते. ते कामगारांच्या सभागृहात आले. आर्वो खाणीत वायरमन होता. चार माणसांत बोलायची त्याला सवय नव्हती, तरी तो उठला.

"साहेब, खाण चालू राहणार का, एवढंच सांगा."

"टोपीवाल्या गृहस्थांनी फार चांगला प्रश्न विचारला," प्रूइट म्हणाले, आणि पोस्टाच्या नव्या इमारतीविषयी बोलत राहिले.

घरी आल्यावर दारात बूट काढता काढता आर्वो म्हणाला, "टोपी काढून विचारायला हवं होतं का गं?"

"तू उभा राहा," मी म्हटले.

"उभाच तर होतो."

"निवडणुकीला उभा राहा म्हणते मी."

तो खूप हसला. पण पक्षाला दुसरा उमेदवार मिळेना, कारण प्रूइट यांच्यासमोर पडायची हौस कोणाला नव्हती. मग तो हसायचा थांबला. मी आणि शेजारणींनी मांस-बटाट्याच्या पेस्टी भाजून विकल्या आणि त्यावर गाडीचे पेट्रोल भरले. आर्वोचे एकच भाषण होते: "मी निवडून आलो तर खाण बंद होऊ देणार नाही." मी म्हणायची, "प्रयत्न करीन असं म्हण." तो म्हणायचा, "प्रयत्नाला कोण मत देतं?"

नोव्हेंबरमध्ये मते मोजली तेव्हा रेडिओने प्रूइट यांना विजयी ठरवले. आमच्याकडे जमलेले लोक आपापले कोट उचलून मुकाट्याने निघून गेले. सकाळी आर्वो डबा घेऊन पाळीवर गेला. मग कळले, की सरोवराकाठच्या एका वस्तीची मतपेटी हिमवादळामुळे आलेलीच नाही. ती बर्फ लोटणाऱ्या गाडीतून आली. त्या पेटीने अंतर इतके घटले की सगळीकडे फेरमोजणी लागली, आणि त्यात आमच्या काउंटीचा नंबर सर्वांत शेवटी आला.

डिसेंबरमधल्या त्या दिवशी काम सोडून सगळे गाव कोर्टाच्या इमारतीखाली बर्फात उभे होते. आर्वो मात्र खाणीत होता. "हरलो तर आजचा पगारही जाईल," असे म्हणून गेला होता. शेजारचा मेल्विन, म्हणजे आमचा मेल, तेव्हा विशीतला होता. आमच्या बाजूने मोजणीवर नजर ठेवायला तो वर बसला होता. एकेका मतपत्रिकेवरून दोन्हीकडचे लोक भांडत होते, त्याचा आवाज खाली येत होता. मग आवाज थांबला. मेल खिडकीशी आला. खिडकी गोठून घट्ट बसली होती, म्हणून त्याने काचेवर हात टेकवले. एका हाताची पाच बोटे, दुसऱ्याची दोन. आम्हाला कळेना, सातने गेलो की सातने आलो. आम्ही खालून ओरडत होतो, "कोण? कोण?" त्याला ऐकू जात नव्हते. शेवटी त्याने गर्दीत मला शोधले, माझ्याकडे बोट दाखवले आणि खिडकीतच नाचायला लागला.

पुढचे मला नीट सांगता येत नाही. शेरीफ एका म्हाताऱ्या बाईला उचलून गरगर फिरत होता. बेकरीवाला अर्ल पॅस्को माझ्या खांद्यावर डोके ठेवून हुंदके देत होता. आमच्यासारख्यांचे कोणी ऐकत नाही, असे ज्यांनी जन्मभर ऐकले आणि मानले होते, ती सगळी माणसे वर तोंड करून ओरडत होती.

कोणीतरी खाणीवर फोन केला, आणि तिथल्या पोरांनी भोंगा वाजवला. पाळी बदलायची वेळ नसताना भोंगा म्हणजे अपघात. खाली निरोप पोचताच सगळे काम टाकून वर आले. माणसे वर आणणाऱ्या पिंजऱ्याचे दार उघडले तेव्हा आर्वो पांढराफटक पडला होता.

"कोण गेलं?" त्याने विचारले.

"तू गेलास!" फोरमन ओरडला. "वॉशिंग्टनला गेलास, गाढवा!"

मी इतकी सुखी पुन्हा कधी झाले नाही. लग्नाच्या दिवशीही नव्हते, हे मी त्या रात्री आर्वोला सांगितले. तो म्हणाला, "मीही नव्हतो." आम्हा दोघांनाही राग आला नाही.

कलम २. निळा सूट. शपथविधीसाठी घेतलेला. त्यात मला पुरू नका, असे आर्वोने बजावले होते, म्हणून त्याला कामाच्या जाकिटात पुरला. सूट चर्चच्या कपड्यांच्या पेटीत द्यावा. बाह्या अजून चांगल्या आहेत. तो फारसा वापरला गेला नाही. खाण वाचवण्याचे विधेयक आर्वोने मांडले, तेव्हा समितीच्या अध्यक्षांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटले, "नवीन आहात. बसा, बघा, शिका." विधेयक मतदानाला आलेच नाही. मग त्याने सभागृहात भाषण करायची वेळ मागून घेतली. मी वरच्या गॅलरीत बसले होते. खाली रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. लिहून घेणारा कारकून, आणि पेंगणारा एक सदस्य, जो बहुधा चुकून राहिला होता. आर्वोने पूर्ण भाषण वाचले. मध्येच थांबून त्याने वर पाहिले. मी हात हलवला. तेवढीच त्याला दाद.

दुसऱ्या वसंतात खाण बंद झाली. तेव्हा तो आमचा काँग्रेसमन होता.

कलम ३. अर्ल पॅस्को याच्या वारसांना काहीही नाही. विजयाच्या दिवशी त्याने सात मेणबत्त्या लावलेला केक पाठवला होता. खाण बंद झाल्यावर मी पाव आणायला गेले.

"पाव संपला," तो म्हणाला.

"मागं फळीवर दिसतोय की."

"तो गावातल्या लोकांसाठी आहे."

त्याचे दोन्ही मुलगे बेकार झाले होते, हे मला तेव्हाही कळत होते. तरी पाव द्यायला हवा होता. बेकरी पाडताना उडालेल्या विटा माझ्या अंगणात पडून आहेत. वारसांनी त्या तेवढ्या घेऊन जाव्यात.

त्याच सुमारास आमची खिडकी फुटली; कोणी फोडली ते आम्ही शोधले नाही. पुढची निवडणूक आर्वो हरला. त्या वेळी फेरमोजणीची गरज पडली नाही. परत आल्यावर त्याला कोणी कामावर ठेवले नाही. ठेवायला कोणाकडे काम तरी कुठे होते? तो गॅरेजमध्ये गवत कापायची यंत्रे दुरुस्त करायचा. गिऱ्हाईक यंत्र ठेवून जायचे, त्याच्याशी बोलायचे नाही. १९९१ मध्ये तो गेला.

कलम ४. वेंडेल प्रूइट यांचे वारस कोठे आहेत मला माहीत नाही. शोधू नयेत. आर्वोच्या अंत्यविधीला गावातली मोजकीच माणसे आली, आणि प्रूइट आले. फार म्हातारे झाले होते, तरी एवढ्या लांबून एकटे गाडी चालवत आले. मला त्यांच्याविषयी माया वाटली. कॉफी घेताना ते म्हणाले, "मिसेस कोस्केला, तुमच्या यजमानांचा काही दोष नव्हता. खाण कोणालाच वाचवता आली नसती."

"ते आता म्हणायला सोपं आहे," मी म्हटले.

"आता नव्हे. निवडणुकीआधीच कंपनीनं मला सांगितलं होतं. तारीख तेवढी ठरायची होती."

मी कप खाली ठेवला. "मग तुम्ही लोकांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर हरलो असतो."

"हरलातच की."

"हो," ते म्हणाले. "सुरुवातीला फार लागलं. मग खाण बंद झाली, तेव्हा घरी बातमी वाचली आणि हायसं वाटलं. खाण गेली ती माझ्या नावावर नाही गेली."

त्यांनी माझा हात हातात घेतला. बहुधा त्यांना वाटले, हे ऐकून मला बरे वाटेल. मी त्यांना दारापर्यंत पोचवले, कारण घरी आलेल्याला आम्ही तसेच पोचवतो. पण त्या दिवसापासून मला ती खिडकी आणि ती सात बोटे आठवली की त्याबरोबर हेही आठवते. ज्यासाठी आम्ही बर्फात ओरडलो ते तेव्हाच गेलेले होते, आणि ते ठाऊक असलेला माणूस हरून सुटला होता. हे मी आजवर कोणाला सांगितले नाही. प्रूइट यांना मी क्षमा करत नाही. चर्चमध्ये केली असे मी म्हणाले होते, ते धरू नये.

कलम ५. गॅरेजमधली हत्यारे, लोखंड पकडून धरायचा व्हाइस आणि वेल्डिंगचे सामान मेल्विन ट्रेगीर याला द्यायचे होते. त्याने आर्वोशी बोलणे कधी थांबवले नाही. परंतु साक्षीदारालाच काही ठेवले तर पुढे अडचण येऊ शकते, असे वकीलबाई म्हणतात. साक्षीला दोन माणसे लागतात. एक घरी येणारी नर्स आहे. या रस्त्यावर ज्याची बुद्धी आणि नजर शाबूत आहे असा दुसरा माणूस मेलच. म्हणून हत्यारेही रोंडाला. रोंडा, ती त्याला देऊन टाक. देशील की नाही, ते कायद्याने मला ठरवता येत नाही.

कलम ६. बँकेतली शिल्लक दफनाला पुरेल. उरलेच तर रोंडाचे. माझ्या थडग्याचा दगड आर्वोच्या शेजारी उभा आहे. माझे नाव कोरलेले आहे, वर्ष तेवढे घालावे. भाषणे नकोत.

मागच्या अंगणातली सौना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली, मेलने हवी तेव्हा पेटवावी, घर उभे आहे तोवर.

कलम ७. रोंडा, हे तुझ्यासाठी. त्या नोव्हेंबरमध्ये तू अठरा वर्षांची होतीस. पहिलेच मत द्यायला कॉलेजातून वादळात गाडी हाकत आलीस. नंतर महिनाभर सगळ्यांना सांगत होतीस, "सातातलं एक माझं." त्यानंतर तू कधीच मत दिले नाहीस. मागच्या आठवड्यात फोनवर मी तुला पुन्हा मत द्यायला सांगितले.

"आई, सोड ना तो विषय."

"एकदा तरी जा. तुझ्या वडिलांसाठी."

"माझं एक मत आयुष्यात कामाला आलं," तू म्हणालीस, "आणि त्यानंच बाबांना संपवलं."

मग तू फोन ठेवलास. आज सकाळी मी टपालाने आलेली मतपत्रिका भरायला बसले. काँग्रेसच्या जागेसाठी एकच नाव छापले आहे. कधी इकडे न आलेल्या माणसाचे. पूर्वी मी तुला सांगितले असते, तरीही मत दे. आता सांगत नाही. मी तो रकाना कोरा ठेवला आणि पाकीट चिकटवले.

तुला उत्तर म्हणून एवढेच लिहू शकते, की बाबांना त्या मताने संपवले नाही. ते मत खरे होते, मोजणी खरी होती. खोटे होते ते मोजणीच्या आधी ठरून गेले होते. याने तुला बरे वाटेल असे मला वाटत नाही. मलाही वाटलेले नाही.

हे सर्व मी मेलला आणि नर्सबाईंना वाचून दाखवले. कलम चारनंतर मेल उठून खिडकीशी गेला. मग म्हणाला, "सायमी, हे वकिलाच्या कागदात कशाला घातलंस? एखाद्या वर्तमानपत्राला तरी लिहायचंस."

"वर्तमानपत्र लोक टाकून देतात," मी म्हटले. "हे कोणाला तरी वाचावंच लागतं."

माझे पेन चालत नव्हते, मेलने दुसरे आणले.

ठिकाण: टॅमरॅक फोर्क, माझ्या स्वयंपाकघरात
दिनांक: २५ ऑक्टोबर २०१८

लिहून देणार: सायमी कोस्केला (सही)

वरील सही सायमी कोस्केला यांनी आमच्या डोळ्यांदेखत केली. त्या शुद्धीवर होत्या आणि रडत नव्हत्या.

साक्षीदार १: मेल्विन ट्रेगीर (सही), शेजारी
साक्षीदार २: टॅमी व्हुओरी (सही), परिचारिका