कुंकवाचे ठिपके

८ जून, रविवार
आज बाजूला बसले. खोटंच! आलेलं काही नाही. शेवटची खरी पाळी चार एप्रिलची. पण अठ्ठावीस दिवस भरले की मी बसते. पडवीत वेगळी चटई, वेगळा तांब्या.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात पाळीविना बावन्न दिवस गेले होते. सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं. शेजारच्या काकू नारळ घेऊन आल्या. त्रेपन्नाव्या दिवशी सगळं संपलं. तेव्हाच ठरवलं — यापुढे कुणाला मोजायला दिवसच द्यायचे नाहीत.

खऱ्या तारखा या वहीच्या शेवटच्या पानावर. शाळेत जाण्याआधी बाबांनी ओट्यावर बसवून अक्षरं शिकवली. घडलं तेवढंच लिही, म्हणायचे. म्हणून वहीत खोटं नाही. बाहेर आहे.

१८ जून, बुधवार
शहाद्याला डॉक्टरीणबाईंकडे. मी, भूपेंद्र (वहीत नवऱ्याचं नाव लिहायला हरकत नाही) आणि सासूबाई.

सोनोग्राफीत पीसीओएस निघालं. अंडाशयात बारीक बारीक गाठी, माळेत ओवल्यासारख्या. बाईंनी विचारलं, पाळी पुढेमागे होते का? मी तोंड उघडण्याआधी सासूबाई म्हणाल्या, "अठ्ठावीस म्हंजे अठ्ठावीस. एक दिन इकडेतिकडे नई."

बाईंना नवल वाटलं. पण लिहून घेतलं. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस गोळ्या, बाराव्यापासून नवरा-बायकोने एकत्र राहायचं. चिठ्ठी मीच घडी करून पर्समध्ये ठेवली.

२ जुलै
स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर कुंकवाचे ठिपके आहेत. आज लक्ष गेलं. सासूबाईंना लिहिता येत नाही. म्हशीच्या तारखा असाव्यात.

७ जुलै, सोमवार
कालपासून पुन्हा बसले आहे. भूपेंद्रने गोळी आणि पाणी आणून ठेवलं. "दुसरा दिवस ना आज?" तो जाईपर्यंत गोळी जिभेखाली धरली. मग थुंकले. कडू होती.

१७ जुलै
त्याच्या हिशोबाने बारावा दिवस. पपईला पाणी धरायला आज त्याने दिराला पाठवलं. स्वतः लवकर आंघोळ करून आला, केस नीट विंचरलेले. मला त्याच्याकडे बघवेना.

२१ जुलै
बोटांवर मोजलं. पुढचे अठ्ठावीस दिवस भरतात तीन ऑगस्टला. म्हणजे कानबाई!

बसले तर देवीच्या सणाला खोटं बसायचं. न बसले तर लोक पुन्हा नारळ आणणार. माझाच हिशोब, मीच अडकले.

२७ जुलै, रविवार
कानबाईच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू निवडत होतो. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ. सासूबाई मापत होत्या, मी खडे काढत होते. तेव्हाच सांगितलं. सव्वा वर्षातली सगळी खोटी बसणी, थुंकलेल्या गोळ्या. आवाज नीट राहिला.

त्या मापतच राहिल्या. मूठ रिती करत म्हणाल्या, "तू झाकी ऱ्हायनी व्हती, म्हनीसन मी बी झाकं."

म्हणजे डॉक्टरीणबाईंसमोर अठ्ठावीस म्हणाल्या ते माहीत असून...! पुढे काही विचारू दिलं नाही. सुपाकडे बोट केलं. खडा राहिला होता.

एक गोष्ट मात्र सांगितली नाही. गेल्या वर्षी खरी पाळी नेमकी कानबाईच्या दिवशी आली होती. मी कुणाला न सांगता रोटाचं पीठ मळलं. ते सांगायला धीर झाला नाही.

३ ऑगस्ट, रविवार
बसले नाही. शेजारच्या काकूंनी माझ्याकडे बघत विचारलं, पुढच्या वर्षी सव्वा मूठ वाढणार का? सासूबाई म्हणाल्या, "तुन्हा रोट पाह्य. जळी ऱ्हायना."

६ ऑगस्ट, बुधवार
पुन्हा शहादा. बाईंना खरं काय ते सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी खऱ्या तारखा विचारल्या. मी पर्समधून वही काढेपर्यंत सासूबाईंनी पिशवीतून दोन कॅलेंडरं काढून टेबलावर पसरली. यंदाचं, आणि त्याच खिळ्याला खाली अडकवलेलं गेल्या वर्षीचं. ठिपके म्हशीचे नव्हते. वहीशी ताडून पाहिले. एकही चुकलेला नाही. घरातला कचरा, त्यात माझे पॅडही, त्याच जाळतात, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

गेल्या वर्षीच्या कानबाईवरही ठिपका आहे. त्या दिवशी पिठाची परात माझ्यापुढे त्यांनीच सरकवली होती.