मी वाचून दाखवलेलं ऑपरेशन

ता. ४

चि. ठकीस आजीचे अ. उ. आ.

पत्र बघून तुला वाटेल, म्हातारीला फोनचा विसर पडला. फोन ह्यांच्या कापायच्या टेबलावर असतो, आणि ह्यांच्यासमोर ह्यांच्याबद्दल कसं बोलायचं?

तुझ्या आजोबांची लघवी अडली. वर्षभर चाललंच होतं, तासाला चार फेऱ्या आणि फेरीला चार थेंब. परवा तेही बंद झाले. पोट टम्म फुगलं तरी मास्तर गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप घेत होते. तसंच ओढत नेलं. नळी घातली, पिशवी लावली, तेव्हा चेहऱ्यावर रंग आला. आता पिशवी मांडीला बांधतात आणि वरून स्वतः शिवलेली ढगळ विजार. शिलाई सुरेख आहे, ते म्हटलंच पाहिजे.

डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेटची गाठ नव्वद ग्रॅमची झालीय, कॅन्सर नाही, पण ऑपरेशन लागेल. तीन प्रकार आहेत, घरी विचार करा आणि अठराला या. हे लाजेनं भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले, एक अक्षर ऐकलं नाही. घरी आल्यावर म्हणतात, तू ऐकलंस ना, मग झालं.

तू ऑपरेशनच्या वॉर्डातली सिस्टर. तिन्ही प्रकार नीट लिही, मोठ्या अक्षरात. माझी शाळा चौथी, तीही अर्धी. जोडाक्षर आलं की मी थांबते आणि पाणी पिते.

जेवत जा वेळेवर. लोभ असू दे, धुतला तरी न आटणारा.

तुझी आजी

ता. ७

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

अक्षर मोठं काढलंय, पाण्याचा तांब्या जवळ ठेव.

पहिला प्रकार दुर्बिणीचा. लघवीच्या वाटेनंच आत जातात आणि गाठ आतून तासतात. बाहेर टाका नाही, दोनतीन दिवसांत घरी. पण नव्वद ग्रॅम तासायला वेळ लागतो आणि रक्त जास्त जातं. दुसरा पोट उघडून. बेंबीखाली चिरा देतात आणि गाठ बोटानं सोडवून काढतात, संत्र्याची फोड सालीतून काढावी तशी. मोठ्या गाठीला पूर्वी हेच करत. टाके, आठवडाभर मुक्काम, रक्त बरंच. तिसरा लेझरचा. हाही लघवीच्या वाटेनंच, पण गाठ अख्खी सोडवतात. रक्त कमी, नळी एकदोन दिवसांत निघते. सुरुवातीला थोडे दिवस कपड्यात थेंब गळतात, मग थांबतं.

आजोबा रक्त पातळ करायची गोळी घेतात, म्हणून मी लेझरच्या बाजूनं आहे. तरी शेवटचा शब्द त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांचा. गोळीचंही त्यांनाच विचार, आपल्या मनानं बंद करू नका. आणि एक सांगायलाच हवं. तिन्हींनंतर वीर्य बहुतेक उलट मूत्राशयात जातं, म्हणजे मूल होणं अवघड. वॉर्डात आम्ही हे ऐंशीच्या माणसालाही सांगतो, कारण शरीर त्याचं आहे.

तुमच्या दोघांची माया अशीच राहो.

तुझी ठकी

ता. ११

चि. ठकीस अ. उ. आ.

पत्र पोचलं, सोन्यासारखं. आपल्या घरचा नियम तुला ठाऊक आहे, ज्याच्या नावचं पत्र त्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. नियम ह्यांचाच. तेव्हा मी चष्मा लावला, ह्यांना समोर बसवलं आणि वाचलं.

फक्त दुसरा प्रकार वाचला.

चिरा वाचला, बोट वाचलं, संत्रं दोनदा वाचलं. ह्यांनी विचारलं, दुसरा काही मार्ग नाही का? मी म्हटलं, पत्रात जे आहे ते वाचतेय. दोन दिवस पोटावर हात ठेवून बसलेत. गिऱ्हाइकाच्या विजारीला कंबर दोन बोटं कमी कापली. मला एवढं बरं वाटतंय, ठके, की काल मी भांडी घासताना गुणगुणत होते. शेजारीण विचारायला आली, कोणाचं लग्न ठरलं का.

मग मूल न होण्याची ओळ वाचली, त्यातलं ‘तिन्ही’ गाळून. हे हसले. म्हणाले, आता ह्या वयात कोणाला हवंय मूल. पत्र घडी करून ठेवून दिलं.

तुला कोणी सांगितलं नसेल. मी एकतीसची होते, पदरी तुझा बाप आणि काका. अंगावरून फार जायचं. डॉक्टरांनी ह्यांना दोन मार्ग सांगितले, सहा महिने औषध करून बघू, नाहीतर गर्भाची पिशवी काढू. शाळांच्या गणवेशांचा हंगाम होता, काज-बटणं मी करायची. हे म्हणाले, एकदाच काय ते उरकून टाका. आणि सही केली. मला गुंगीतून उठल्यावर कळलं. औषधाचा मार्ग होता हे तर वॉर्डातल्या आयाबाईनं टाके काढायच्या दिवशी सांगितलं. मला एक मुलगी हवी होती गं. चव्वेचाळीस वर्षं झाली, ह्यांनी तो विषय काढला नाही. मग आठ दिवस हे पोट धरून बसले तर काय बिघडलं?

तुझ्यावरची माया आहे तिथंच आहे.

आजी

ता. १४

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं आणि रडले. मग चिडले, तुझ्यावरसुद्धा.

आजी, तुझ्या बाबतीत जे झालं ते चूकच. पण माझ्याच पत्रातून तू तेच त्यांच्या बाबतीत करते आहेस, आणि मला त्यात ओढलं आहेस. अठराच्या आत त्यांना तिन्ही प्रकार सांग. नाही सांगितलेस तर मी फोन करीन, मग तो कुणाच्याही टेबलावर असो. शिक्षा करायची तर त्यांच्या तोंडावर कर. तेवढी हिंमत तुझ्यात आहे.

रागावले तरी तुझीच.

ठकी

ता. २४

चि. ठकीस अ. उ. आ.

तुझं पत्र सतराला मिळालं. रागावलीस ते बरं केलंस, घरात कोणीतरी सरळ निपजलं. तरी मी त्या दिवशी तोंड उघडलं नाही. खोटं कशाला लिहू, एक रात्र अजून हवी होती मला.

अठराला डॉक्टरांनी विचारलं, काय ठरलं? हे मान खाली घालून म्हणाले, पोट फाडायचं. डॉक्टर चकित. त्यांनी कागदावर चित्र काढून तिन्ही प्रकार सांगितले आणि म्हणाले, तुम्हाला लेझर बरं, पोट कशाला? ह्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. विचारलं, तुला ठाऊक होतं? मी डॉक्टरांच्या देखतच सांगितलं, होतं, आठ दिवस. तुम्हाला माझ्या औषधाचं चव्वेचाळीस वर्षं ठाऊक आहे.

मग ह्यांनी सहीचा कागद माझ्याकडे सरकवला, तूच कर म्हणाले. मी हात पदराखाली घेतले. म्हटलं, माझ्या पोटावर दुसऱ्याची सही आहे, तुमच्यावर मी करणार नाही. खडूची रेघ न मारता कोट कापणारा माणूस, पेन हातात घेऊन नुसता बसला. शेवटी विचारलं, तुला काय वाटतं? लग्नाला छप्पन्न वर्षं झाली, हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. मुद्दाम ऐकू आलं नाही असं केलं आणि परत विचारायला लावलं. मग म्हटलं, लेझर. तेव्हा सही केली.

गोळीचं डॉक्टरांनी सांगितलं तसं केलं. बावीसला ऑपरेशन झालं, काल नळी निघाली आणि घरी आलो. लघवीला धार आली तर संडासातून हाक मारून सांगतात, जसा काही मुलाचा निकाल लागला. थेंब गळतात, कपडे मी धुते आणि दोरीवर अगदी पुढे वाळत घालते.

आज सकाळी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, तेव्हा तुला विचारायला हवं होतं. मुलगी झाली असती तर तुझ्यासारखी नाक वर करून चालली असती, असंही म्हणाले. मी उशी सारखी केली. नंतर विचारलं, माफ केलंस का?

मी सांगितलं, विचार करून सांगते. आता ठरवणार मी, आणि मला मुळीच घाई नाही. तेव्हापासून दर तासाला माझ्या तोंडाकडे बघतात. फार मजेत आहे मी, ठके.

लोभ धरलास तसा धरून ठेव, माझ्याकडून सुटायचा नाही.

तुझी आजी