शिंगं कागदात मावेनात

३ फेब्रुवारी
मावतच नाहीत! तिसरा कागद वाया. गाय नीट बसवली की शिंगं कागदाबाहेर. शिंगं आत घेतली की गाय शेळीएवढी. गोठेवाला मागे उभा राहून बघत होता. "बाई, कागद मोठा घ्या. मी काही तिची शिंगं छोटी करून देणार नाही."

५ फेब्रुवारी
दोन कागद जोडले. मावली!

९ फेब्रुवारी
गोठ्यावर चार तास. मोठीबाई, म्हणजे कळपातली सगळ्यात म्हातारी गाय, जागची हलली नाही. मला वाटलं, माझ्यासाठीच उभी आहे. "छे हो, सावलीसाठी," गोठेवाला म्हणाला.
पण शिंगाचा रंग सापडला! पिवळसर खडूवर करडा, आणि वरून बोटाने नावापुरता गुलाबी. नाकातही गुलाबीच गेलाय.
घरी ताईला दाखवलं. "छान. पण म्हशी जरा आणखी काळ्या हव्यात."
म्हशी! मुद्दाम म्हणते. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, टाक्याटाक्यातल्या चुका काढल्या. गेल्या वर्षी कंटाळा आला म्हणून मशीन झाकून ठेवलं, तेव्हापासून मीच तावडीत.

१४ फेब्रुवारी
अकरा चित्रं झाली. वाचनालयाचा हॉल मिळाला, २ मार्च. एकतीस वर्षं शाळेत चित्रकलेच्या तासाला पोरांकडून सफरचंदं काढून घेतली, आता एकसष्टाव्या वर्षी माझं पहिलं प्रदर्शन.

१९ फेब्रुवारी
ताईने मोठीबाई पुसली. ओल्या फडक्याने! "खडूची पूड बसली होती गं." — अगं, ती पूड म्हणजेच चित्र! खाली चार पाय उरलेत, वर नुसतं धुकं.
नको ते बोलले. 'माझं काही चांगलं झालेलं तुला बघवतच नाही' म्हणाले. ताई एरवी ऐकून घेणारी नव्हे. आज घेतलं.

२० फेब्रुवारी
अबोला.

२१ फेब्रुवारी
अबोला चालू. जेवताना तिला मीठ हवं होतं. मागेल कशी? टेबलावर टकटक. मी पाणी सरकवलं. पुन्हा टकटक. मी लोणचं सरकवलं. "मीठ गं, भवाने!" दोघींनाही हसून ठसका.

२६ फेब्रुवारी
मोठीबाई पुन्हा काढली. पहिलीपेक्षा झकास झालीय — हे ताईला सांगणार नाही.

२ मार्च
गर्दी! गोठेवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि प्रत्येक चित्रापाशी लोकांना सावध करत फिरला, "ही लाथ मारते बरं का." एका बाईंनी मोठीबाई विकत मागितली. तो मध्ये पडला, "नाही विकायची! म्हातारपणी कुठे पाठवू तिला?"
ताई एकटीच भिंतीला हात लावत लावत चालली होती. टोकाला थांबली. मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिली. मी जवळ गेले. "ही सगळ्यात सुरेख," म्हणाली, "शिंगं काय आलीत!"
त्या भिंतीवर चित्र नव्हतं. विजेच्या मीटरची पेटी होती.
मी "हो" म्हणाले आणि तिचा हात धरला.

४ मार्च
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पार पिकलेला. ऑपरेशन सोमवारी. वर्षभर लपवलं तिने! "सांगितलं असतं तर तू खडू ठेवून दिले असतेस, माझ्यामागे दवाखान्यात हिंडत बसली असतीस."
बसमध्ये मी तिला खिडकीशी बसवलं. तिने हळूच कोपराने ढोसलं. "ए, खरं सांग — बऱ्या जमल्यात का गं गाई?"