तेराव्यानंतरचं परतीचं तिकीट

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
९ नोव्हेंबर २०२५

ती. सुलेखाआत्या,

इथूनच वाकून नमस्कार.

तुझं दिवाळीचं पत्र दिवाळी संपल्यावर पोचलं. पण पाकिटाला तुझ्या कपाटातल्या वाळ्याचा वास होता, म्हणून टपालखात्याला माफ केलं. फोनवर तुझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि तू काहीही न ऐकता "हो, हो, बरं" म्हणून फोन ठेवून देतेस. त्यापेक्षा पत्र बरं. शिवाय आज जे सांगायचं आहे ते मला ओरडून सांगता आलं नसतं.

इकडे सगळं ठीक. विनय शनिवारी अंगणातली पानं गोळा करतो आणि रविवारी वाऱ्याने शेजाऱ्यांची पानं आमच्याकडे येतात, असा त्याचा संसार चालू आहे. अनिका सॉकर खेळताना पडली, गुडघा खरचटला. तिला म्हटलं, आत्याआजीला मराठीत दोन ओळी लिही. तर म्हणाली, "मॉम, आय विल टेल हर व्हेन वी गो." कधी जायचं ते तिने विचारलं नाही. तिलाही आता सवय झाली आहे.

तू सत्काराचं लिहिलंस. बोस्टनहून निघायचं, आखातात एकदा विमान बदलायचं की थेट नागपूर, ही सोय आपल्या वैदेहीने केली, म्हणून गल्लीतलं ज्येष्ठ नागरिक मंडळ मला शाल-श्रीफळ देणार. सुवर्णाकाकूंनी शाल निवडूनही ठेवली. खाली तुझी ओळ, "आता तर विमानही तूच आणलं, आता कोणतं कारण काढून राहिली?" ती ओळ मी विनयला हसत वाचून दाखवली आणि मग पत्र फ्रिजवर न लावता ड्रॉवरमध्ये ठेवलं.

आत्या, तो सत्कार मला नको. का, ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

तुला वाटतं तसं कुणी नकाशावर बोट ठेवून "इथे विमान सोडा" म्हणत नाही. ही आखातातली विमानकंपनी वाढते आहे, विमानं नवी आहेत, पण अमेरिकेतलं एकच नवं शहर तिला घ्यायचं होतं. असे निर्णय घेताना आमच्यासारख्या सल्लागारांना विचारतात. आम्ही बघतो, लोक आत्ता कुठून कुठे जातात, मध्ये कुठे विमान बदलतात, तिकीट किती आधी काढतात. विमानाच्या पोटातून माल किती जाईल तेही बघतो. कुणाला आईची आठवण येते, हे कुठेच मोजत नाहीत.

शेवटी दोन शहरं उरली, बोस्टन आणि दक्षिणेतलं एक. तिकडे आपली माणसं जास्त, त्यामुळे पारडं तिकडेच झुकत होतं. पण ती सगळी डिसेंबरमध्ये, सहा-सहा महिने आधी स्वस्तातलं तिकीट काढून जाणारी. त्यात कंपनीला फारसं सुटत नाही. मी बोस्टनचे आकडे पुन्हा चाळत बसले, कारण बोस्टन यावं असं मला मनापासून वाटत होतं. तेव्हा मला एक गोष्ट दिसली. आज तिकीट काढून आजच निघालेली माणसं. एकेकटी, बायकामुलं बरोबर नाहीत. पडेल ते भाडं दिलेलं. आणि परतीची तारीख बहुतेकांची दोन आठवड्यांनंतरची.

ऑफिसात कुणाला काही कळलं नाही. एकाला वाटलं, व्यापारी असतील. मला लगेच कळलं, कारण बाबा गेले तेव्हा माझंही तिकीट तसंच होतं. परतीची तारीख तेराव्यानंतरची. तू बाबांना माझ्यासाठी बर्फावर ठेवायला लावलंस, भटजींशी भांडलीस, आणि तरी मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं, तू दारात बादली घेऊन उभी होतीस. "आधी आंघोळ कर," एवढंच म्हणालीस. ते मी कधी विसरले नाही.

आणि तेच मी विकलं.

मीटिंगमध्ये मी सांगितलं की बोस्टनच्या आसपास सुरुवातीला आलेली डॉक्टर-इंजिनिअर मंडळी आहेत, त्यांच्यामागून आलेले आम्ही आहोत, आणि सगळ्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत. ही माणसं अचानक निघतात आणि भाव करत नाहीत. कंपनीचे एक वयस्कर गृहस्थ होते, फार सभ्य. त्यांनी विचारलं, ही मागणी टिकेल का? मी म्हणाले, "वाढेल. पुढची दहा वर्षं वाढतच जाईल." सगळ्यांनी ते लिहून घेतलं. आत्या, हे बोलताना माझ्या डोळ्यांसमोर आपली गल्ली होती. सुवर्णाकाकू होत्या, सुमंतचे बाबा मोहनकाका होते, आणि ओट्यावर बसून मटार सोलणारी तू होतीस.

वर मी शहाणपणाने सुचवलं की प्रत्येक विमानात थोड्या जागा शेवटच्या दिवसापर्यंत विकू नयेत. वरच्या भावाने नक्की जातील. त्यांना ते फार आवडलं. बोस्टन पक्कं झालं आणि माझ्या बॉसने, प्रीताने, ऑफिसात केक कापला. तो मी चवीने खाल्ला.

मोहनकाका ऑगस्टमध्ये गेले. सुमंत इथे जवळच वूस्टरला राहतो. परत आल्यावर तो डोकं भादरलेलं, तसाच घरी आला. म्हणाला, "यार वैदेही, सगळी फ्लाइट फुल होती, शेवटची एक सीट मिळाली. रेट क्रेझी होता, पण लक बघ. तुझ्यामुळे बाबांचा चेहरा बघायला मिळाला." माझे दोन्ही हात धरून तो रडला. ते लक नव्हतं, ती सीट त्याच्यासारख्यासाठीच अडवून ठेवलेली होती आणि अडवायला मी सांगितलं होतं, हे मी त्याला बोलले नाही. चहा केला. त्याच्यासाठी बिनसाखरेचा.

दुसऱ्या दिवशी मी प्रीताला म्हटलं, निदान अशा प्रसंगी जाणाऱ्यांना तरी भाडं कमी ठेवा असं कंपनीला कळवू या. ती म्हणाली, "इट्स वर्किंग, वैदेही. कशाला हात लावायचा?" मी एकदाच म्हटलं, पुन्हा म्हटलं नाही. सुमंत वेळेवर पोचला हे खरं आहे, आणि मला लाज वाटते हेही खरं आहे. दोन्हीचा मेळ मला घालता येत नाही.

आता जे सांगायचं ते टाळत मी इतकी पानं लिहिली. मागच्या महिन्यात तू न्हाणीघरात चक्कर येऊन पडलीस. तुझ्या पत्रात त्याचा पत्ता नाही, पण मला सुवर्णाकाकूंचा त्याच दिवशी फोन आला होता. पडली आहे, शुद्धीवर नाही, डॉक्टर येताहेत, एवढं सांगून त्यांनी ठेवला. मी तुला फोन केला नाही. विनयलाही हाक मारली नाही. मी लॅपटॉप उघडला आणि त्या दिवशीचं भाडं पाहिलं. जागा आहेत का पाहिलं. होत्या. आणि मग, आत्या, माझा हात आपोआप परतीच्या तारखेवर गेला आणि मी दिवस मोजले.

तेवढ्यात काकूंचा पुन्हा फोन आला की तू उठून बसलीस आणि डॉक्टरांनाच चहा विचारते आहेस. मी लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकाला लागले. दुसऱ्या दिवशी तुला फोन केला तेव्हा पडल्याचा विषय तूही काढला नाहीस आणि मीही नाही. तू नेहमीसारखी म्हणालीस, "तिकीट स्वस्त होईस्तोवर थांबते मी, घाई नको करू." मी हसले.

मंडळाला सांग, वैदेहीला शाल नको. खरं काय ते सांगायचं की नाही, ते तू ठरव. सुवर्णाकाकूंना मी स्वतः सांगेन, त्यांच्यासमोर बसून.

काल मी तिकीट काढलं. फेब्रुवारीचं. तेव्हा ना सण आहे, ना शाळेला मोठी सुट्टी, ना कुणाचं लग्न. अनिकाची शाळा बुडेल, तिने तुझ्याजवळ बसून मटार सोलावेत. तिकीट स्वस्त मिळालं आत्या, वेळेत काढलं म्हणून. परतीची तारीख विनयने विचारली, तर मला चटकन सांगता येईना. पुन्हा बघून सांगितली.

गोळाभात कर. तोवर न्हाणीघरात पाय जपून टाक. दारात बादली ठेवू नकोस.

कुणाचं काही झालेलं नसताना येणारी,
तुझी वैदू